उणे सतरा

घर विकताना देझोने किल्ल्यांसोबत
एक तेलकट वही दिली,
आणि खरेदीखतात नसलेली एक अट:
अंगणातला ताड मरू द्यायचा नाही.
मी हो म्हटलं.
घर स्वस्त मिळत होतं.

कोमार्नोत, डॅन्यूबच्या काठी,
लोक द्राक्षं लावतात, जर्दाळू लावतात.
ताड लावत नाहीत.
देझोने लावला, बत्तीस वर्षांपूर्वी,
जहाजांच्या कारखान्यात वेल्डर असताना,
कुठल्याशा खलाशाने दिलेल्या बियांतून.
तीन रुजल्या. दोन उंदरांनी नेल्या.
हा उरला, अंगभर काथ्या पांघरून,
दक्षिणेच्या भिंतीला पाठ टेकून,
बस चुकलेल्या माणसासारखा.

वहीत सगळं होतं.
नोव्हेंबरात पानं वर घेऊन सुतळीने बांध,
लहान मुलीचे केस बांधतात तशी, ओढ न लागता.
बुंध्याशी पेंढा, हातभर.
हा थंडीने मरत नाही, ओलीने मरतो.
(खाली दोन रेघा.)
प्लास्टिक नको, श्वास कोंडतो.
खोडाला नाताळच्या दिव्यांची माळ गुंडाळ,
पण जुन्या बल्बांची.
नवे दिवे नुसते दिसतात.

जुनी माळ दुकानात कुठेच नव्हती.
शेवटी बेकरीतल्या मार्गितच्या पोटमाळ्यावर सापडली,
चाळीस बल्ब, नऊ गेलेले.

हिवाळाभर तो वृद्धाश्रमातून फोन करायचा,
रात्री अडीचला,
मी भट्टी पेटवायला निघण्याआधी.
कशी आहेस नाही, काही नाही.
"किती?"
उणे सहा, मी सांगायची.
उणे नऊ.
"हं," म्हणायचा, आणि ठेवून द्यायचा.
आधी राग यायचा.
मग एके रात्री तीन मिनिटं उशीर झाला
तर मीच फोनकडे बघत बसले, एका पायात बूट.

फेब्रुवारीत उणे सतरा.
त्याच रात्री आमच्या गल्लीतली वीज गेली, चार तास.
मी कोपरापर्यंत पिठात होते,
मला कळलंच नाही.

मार्चमध्ये सोडवला.
पानं तपकिरी, कागदासारखी वाजणारी.
वहीचं शेवटचं पान:
पोगा दोन बोटांनी हळूच ओढून बघ.
घट्ट असेल तर जगला.

ओढला.
आला.
सहज, लोण्यातून सुरी निघावी तसा,
खालचं टोक मऊ, काळपट.

ताडाला फांद्या नसतात,
बाजूने फुटायची सोय नसते.
एकच कोंब, आणि तो
माझ्या हातात.

त्या रात्री, "किती?"
उणे दोन, मी म्हटलं. छान आहे. हिरवागार.
तिकडे बराच वेळ काही नाही.
मग: "वास येतोय का?"

मला बोलता येईना.

"ऐक, नोएमी.
औषधाच्या दुकानातून जखम धुवायचं पेरॉक्साइड आण.
भोकात ओत. फेस येईल, येऊ दे.
फेस थांबेपर्यंत ओत.
वर मडकं उपडं घाल, पाऊस नको.
आणि करवतीला हात लावू नको."
थोडं थांबून म्हणाला,
"माझ्याही हातात आला होता एकदा.
बायकोला सांगितलं होतं, हिरवागार आहे."

एप्रिल गेला. मे गेला.
शेजारचा व्होइतेख कुंपणावरून म्हणाला,
तोड आता, निदान जळण होईल.
मी मडक्यावर वीट ठेवली.

जूनच्या अकराला मडकं उचललं
तर भोकात काहीतरी पिवळट, नखाएवढं.
आठवड्याने ते पान झालं, पण अर्धंच,
टोकं छाटलेली,
बोथट कात्रीने पोराने कापावीत तशी.

त्या रात्री अडीचला मी फोन केला.
उन्हाळ्यात तो कधी करत नसे.
चार सेंटीमीटर, मी म्हटलं.
"हं," म्हणाला.
आणि फोन ठेवला नाही.
त्याच्या मागे कुणीतरी खोकत होतं.
माझ्या मागे भिंतीवर
दिवसभराचं ऊन अजून गरम होतं.